शिकाऊ माणसाला शिकाऊ वाद्य देऊ नका

माझ्याकडे सध्या दोन पेडल स्टील गिटार आहेत. एक वाजवतो. दुसरी विकायची आहे, पण विकायची लाज वाटते म्हणून गॅरेजमध्ये जुन्या गादीखाली पडून आहे. ही पोस्ट त्या दुसरीबद्दल.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नावाला गिटार, पण मांडीवर घेण्यासारखं काही नाही. चार पायांवर उभं एक अरुंद टेबल, त्यावर दहा तारा. डाव्या हातात पोलादाची जड कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या अंगठ्यात नि दोन बोटांत नख्या. डाव्या पायाखाली तीन पेडल (नावं ए, बी, सी), उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांना ढकलायला लिव्हर. पहिल्यांदा घरात उभी केली तेव्हा बायको म्हणाली, "शिलाई मशीन आणलंस होय?" कंट्री गाण्यात मागून कुणीतरी हुंदका गिळल्यासारखं वाजतं ना, ते हेच वाद्य. १९५४ च्या सुमारास कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाण्यात त्याचा साथीदार वादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि सूर आतल्या आत वळला. ते गाजलं, आणि बाकीचे वादक आपापल्या गिटारींना पेडलं जोडायच्या मागे लागले.

आपल्या कानाला हे समजावणं सोपं आहे. मधल्या ई स्वराला सा धरा. बी पेडल दाबलं की गंधाराच्या तारा मध्यमावर चढतात. ए पेडल दाबलं की पंचमाच्या तारा धैवतावर जातात. सा जागचा हलत नाही. म्हणजे एका सुरात मींड (न तुटता पुढच्या सुरावर सरकणं) आणि शेजारचा सूर स्थिर, दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडे मींड एका तारेवर, एका गळ्यात. इथे पायाने मींड काढायची आणि ती दुसऱ्या सुराला घासत न्यायची. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डॅलसच्या हायवेवर माझा एक्झिट चुकला होता.

तर चार वर्षांपूर्वी मी ती गॅरेजमधली घेतली, माझी पहिलीच. ऑनलाइन, ६५० डॉलर, सत्तरच्या दशकातलं शिकाऊ मॉडेल. तीन पेडल, पण गुडघ्याला लिव्हर एकच. लाकूड असं चकचकीत की बघत राहावं. फोटो सगळे वरून काढलेले. खालून एकही नाही, आणि मागायचं मला सुचलं नाही. मनात हिशोब साधा होता: आपण शिकणार, आपल्याला कशाला भारीतली?

पाच महिने घासलं. कान खराब आहे अशी खात्री पटत चालली होती. बी पेडल दाबलं की मध्यम बरा लागायचा, सोडलं की गंधार मूळ जागी यायचा नाही. केसभर खाली थांबायचा. मला ते कळत नव्हतं, पण हाताला कळलं होतं! पेडल सुटलं की डावा हात आपोआप कांडी जराशी पुढे सरकवून घ्यायचा. पुढे व्हिडिओवर शिकवणाऱ्या माणसाने विचारलं, "तू सारखा हलतोस का?" मी म्हटलं, "नाही हो, मी कुठे हलतोय?" तो म्हणाला, "गिटार उलटी कर आणि कॅमेरा खाली धर."

खाली बघितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. पेडलपासून तारेपर्यंत ओढ पोचवणाऱ्या सळया असतात, त्यातल्या दोन गायब. तारा ज्या दातऱ्यांवर अडकतात त्या यंत्रात तेलाचा डिंक झालेला. कुणीतरी गंज काढायचा फवारा मारून वर धूळ बसू दिली होती.

मी मिरजेचा. घरात गाणं नव्हतं, पण शाळेचा रस्ता सतारमेकरांच्या दुकानांवरून जायचा. तिथे कुणी वाद्य दुरुस्तीला आणलं की कारागीर आधी वाजवून बघत नसे. उचलून, फिरवून, भोपळ्यावर बोटं आपटून बघे. नवशिक्याला बिघडल्या जवारीचा (तारेखालच्या घोडीची घासणी, जिच्यावर आस ठरते) तंबोरा दिला तर तंबोऱ्याचं काही जात नाही, पोराचा कान जातो, हे तिथे लहान पोरांनाही माहीत असे. मी ते लहानपणापासून ऐकलेलं, आणि साडेसहाशे डॉलरांत भागलं म्हणून खूश झालो होतो.

म्हणून माझं ठाम मत: "आधी स्वस्तातली घे, जमलं तर चांगली घेऊ" हा सल्ला या वाद्याच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. मुरलेला वादक भंगार गिटारही निभावून नेतो, कारण चूक त्याची की वाद्याची हे त्याला कळतं. नवशिक्याला तेवढंच कळत नसतं. शिवाय चांगली जुनी गिटार नाही जमलं तरी घेतल्या किमतीच्या आसपास विकता येते. माझी गॅरेजमधली कुणाच्या गळ्यात मारू?

आता वाजवतो ती नंतर घेतली, फोर्ट वर्थच्या पलीकडे राहणाऱ्या एका आजोबांकडून. आयुष्यभर डान्स हॉलमध्ये वाजवलेला माणूस. एका नेकची (म्हणजे तारांचा एकच संच), दहा तारा, तीन पेडल, चार लिव्हर, १९०० डॉलर. मी पोचलो तर गिटार आधीच तिच्या पेटीवर उलटी मांडून ठेवलेली, पोट वर. म्हणाले, "आधी खालून बघ, वाजवायचं नंतर." मी एकेक पेडल हाताने दाबत होतो आणि ते टॉर्च धरून दाखवत होते: ही सळी हिला ओढते, हा आडवा दांडा इथे फिरतो, हा लिव्हर ढिला वाटतो पण तो असाच असतो, आणि हा मात्र खरंच ढिला आहे, त्याचे पन्नास कमी दे. कडेला नायलॉनचे छोटे नट असतात. पेडल दाबल्यावर सूर किती चढावा ते त्यांच्यावर ठरतं. तेही एकेक फिरवून दाखवले.

मग सरळ करून परीक्षा. मोकळी तार लावायची, पेडल दाबायचं, सोडायचं, तार परत तिथेच येते का बघायचं. मग लिव्हरने तीच तार उतरवायची, सोडायची, पुन्हा बघायचं. पेडल-लिव्हर जोडलेल्या प्रत्येक तारेला. वीस मिनिटं लागतात, आणि विकणारा या वीस मिनिटांत कंटाळला तर निघून यावं.

इथे एक गंमत झाली. मी फोनवर ट्यूनर लावून बसलो होतो. त्यांचा गंधार ट्यूनरवर खाली दिसत होता. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर चौदाएक भाग. मी सांगितलं, उतरलाय. ते हसले आणि ई नि जी शार्प (म्हणजे सा नि गंधार) एकत्र छेडून म्हणाले, "फोन खिशात ठेव आणि ऐक." दोन सूर जुळले नाहीत की आवाजात उठतात त्या लाटा नव्हत्या. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप निघतो तोच गंधार. पियानोचा गंधार आपल्या कानाला चढा का वाटतो, हे मला टेक्सासातल्या एका दिवाणखान्यात, पोटावर टॉर्च ठेवून बसलेल्या म्हाताऱ्याने समजावलं. मी मिरजेबद्दल सांगायला लागलो, पण इंग्रजीत जवारी सांगता येईना.

आणखी थोडं, जसं आठवेल तसं. पेडलांचा क्रम विचारून घ्या. बडी एमन्स आणि जिमी डे हे दोन नामांकित वादक; एमन्सच्या पद्धतीत डावीकडून ए-बी-सी, डेच्या पद्धतीत सी-बी-ए. शिकवणारा एका पद्धतीचा आणि गिटार दुसऱ्या, म्हणजे रोजचा वैताग. दोन नेकची मोहात पडून घेऊ नका. पेटीसकट तीसेक किलोपर्यंत जाते, आणि पहिली दोन वर्षं दुसऱ्या नेकवर फक्त कोपर टेकतं. यंत्राला तेल शिलाई मशीनचं, थेंबभर. (बायकोचं बरोबर होतं.) पुण्या-मुंबईत कुणाच्या माळ्यावर हवाइयन गिटार पडली असेल तर आधी तीच काढा. वंश तोच, आणि ब्रिजभूषण काबरांनी त्या घराण्यातलं वाद्य रागदारीत आणून दाखवलंय. कांडी सरळ धरायला शिकण्यात वर्ष सहज जातं, त्याला पेडल लागत नाही.

आजोबा माझ्यापेक्षा वीतभर उंच. लिव्हर त्यांच्या गुडघ्यांच्या बेतात लावलेले, माझा डावा गुडघा लिव्हरपर्यंत पोचेचना. पैसे मोजून झाले होते, मी म्हटलं घरी बघतो. तोवर ते ॲलन की घेऊन जमिनीवर आडवे झालेसुद्धा. वय अठ्ठ्याहत्तर. अर्धा तास मी स्टुलावर बसून गुडघा डावीकडे-उजवीकडे करतोय आणि खालून आवाज येतोय, "आता? आता?"

निघताना तिसऱ्या तारेचं डझनाचं पाकीट हातात दिलं. ०.०११ इंचाची बारीक तार, चढवताना हीच तुटते. पहिल्या आठवड्यात चार गेल्या.