स्कॉटलंडचा दाखला द्यायचा तर पुरता द्या

रविवारी चर्चमधून परतताना फोन उघडला की गावाकडच्या ग्रुपवर तोच वाद चाललेला: आपल्या चर्चमध्ये बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचा एक मुख्य धर्माधिकारी, असावा की नसावा? मावसभाऊ लिहितो, बायबलात बिशप नाहीतच, बिशप नसलेल्या स्कॉटलंडच्या चर्चसारखं करा. काका म्हणतात, डोक्यावर हात ठेवून बिशप नेमण्याची रीत प्रेषितांपासूनची, ती मोडणारे आपण कोण? स्कॉटलंडचं नाव निघालं की मला राहवत नाही. एडिनबरातल्या मंडळीत मी वडील, म्हणजे कारभार पाहणारा एल्डर, आहे.

शास्त्रापुरता मी मावसभावाच्या बाजूचा. पौलाने इफिसच्या मंडळीचे वडील मिलेताला बोलावले आणि कळपाचे अध्यक्ष (ज्या शब्दावरून बिशप आला तो) म्हटलं ते त्यांनाच (प्रेषितांची कृत्ये 20). तीताच्या पत्रातही वडील आणि अध्यक्ष ही तीच माणसं. फिलिप्पैच्या एकाच मंडळीत अध्यक्ष अनेक. एका शहरावर एकच बिशप ही घडी ठळक दिसते ती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, अंत्युखियाच्या इग्नाटियसच्या पत्रांत. काका यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडे बोट दाखवतात. पण यरुशलेमेतला निर्णय प्रेषित, वडील आणि सगळ्या मंडळीने मिळून घेतला होता.

मात्र स्कॉटलंडने हे सहज मिळवलेलं नाही. 1638 मध्ये ग्लासगोला भरलेल्या असेंब्लीने, म्हणजे तिथल्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, बिशप काढले, त्यावरून राजाशी लढाया झाल्या, बिशप परत आले आणि 1689-90 मध्ये राष्ट्रीय चर्चमधून कायमचे गेले. 1959 मध्ये बिशप आणण्याचा प्रस्ताव असेंब्लीने पुन्हा फेटाळला. आज असेंब्लीचा मॉडरेटर, म्हणजे सभापती, एका वर्षाचा. सेशनमध्ये, म्हणजे मंडळीच्या वडिलांच्या सभेत, छपराच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक प्रत्येक वडिलांच्या हातात असतं आणि कोणीही प्रश्न विचारतं. मावसभावाला खरं हवंय ते हेच, आणि ते मागणं रास्त आहे. पण इथे बाकं रिकामी आहेत, चर्चच्या इमारती विकल्या जाताहेत. तेही त्याने ग्रुपवर लिहावं.

आणि आपले आजोबा? नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल, आपला कारभार आपण पाहणाऱ्या. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं तेव्हा बिशप मानणाऱ्या अँग्लिकनांसोबत एक होण्यासाठी त्यांनी बिशपपद पत्करलं. ती माणसं पहाटे उठून बायबल वाचणारी होती. तीताचं पत्र त्यांना ठाऊक नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

माझं दृढीकरण, म्हणजे मंडळीत पक्कं घेण्याचा विधी, बिशपांनीच केलं. आईने इस्त्री केलेला पांढरा सदरा, कपाळाला लागलेली अंगठी, मागे उभं अख्खं गाव. इथे मला मत आहे, मान आहे. त्या दिवसासारखा मी इथे कोणाचा झालेलो नाही. म्हणून बिशप काढा असं माझ्या तोंडून निघत नाही. सीएनआयच्या घटनेत बिशपपद ऐतिहासिक आणि घटनात्मकही आहे. त्यातलं घटनात्मक तेवढं धरा, वार्षिक सभेत उभे राहा, हिशेब वाचायला लावा. मी तिथे असतो तर उभा राहिलो असतो. तिथे नाही, हेच या सगळ्या वादात मला जास्त लागतं.