नऊ व्होल्टची बॅटरी आणि मावशींच्या गोळ्या

परवा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक मावशी माझ्याकडे फिजिओथेरपीला आल्या. आयुष्यभर विड्या वळल्या, आता फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत ठणकणारं जुनाट दुखणं. बसायच्या आधीच त्यांनी मोबाईल पुढे केला: “डोक्याला वीस मिनिटं सौम्य करंट. फायब्रोमायल्जिया मुळापासून बरा, लक्ष पूर्ववत, गोळ्या बंद. साइड इफेक्ट शून्य. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर घरीही जमतं.”

करंटची गोष्ट थाप नाही, हे आधीच सांगते. त्याला टीडीसीएस म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून एक-दोन मिलिअँपिअर सोडतात. शॉक ट्रीटमेंट वेगळी. इथे माणूस जागा असतो, गप्पा मारतो.

“मुळापासून बरा” म्हणाल, तर २००६ साली ब्राझीलमध्ये ३२ बायकांवर पाच दिवस प्रयोग झाला. मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर करंट घेतलेल्यांचं दुखणं कमी झालं, तीन आठवड्यांनीही फरक टिकला होता. कमी झालं; गेलं नाही.

“लक्ष पूर्ववत” हे मला वाटतं २०१७ च्या, तेही ब्राझीलमधल्याच, अभ्यासावरून उचललंय. ४० बायका, एकच बैठक, करंट कपाळाच्या डाव्या बाजूला. लक्ष वळवणं आणि विचलित न होणं सुधारलं, सावधपणा मात्र होता तिथेच. वेदनेची सहनशक्तीही वाढली, पण ती मोजली कातडीला गरम टोक लावून. त्या चटक्याचा आणि पहाटे उठताना ठणकणाऱ्या मावशींच्या पाठीचा हिशोब एक कसा धरायचा? एका बैठकीनंतर महिन्याभराने काय, ते त्यातून कळत नाही.

“साइड इफेक्ट शून्य”? खाज, लाली, डोकेदुखी होते. स्पंज वाळला तर कातडी भाजते, आणि आपल्या सोलापुरात एप्रिलमध्ये पंख्याखाली ओला टॉवेल किती वेळ ओला राहतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मशीन करंट ठरल्या मापात धरून ठेवतं. नुसत्या बॅटरीला ते जमत नाही, स्पंज कपाळावर नेमका कुठे बसवायचा हेही ती सांगत नाही.

राहिलं “गोळ्या बंद”. माझा खरा राग इथे आहे. या दुखण्यावर देतात त्या प्रीगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिनच्या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, झोप उडणं, सगळं मागे लागतं. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

मावशींना विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? त्या जरा गप्प राहिल्या.

“चार दिस झाले सोडून. म्हणून गरगरतंय व्हय?”

व्यायाम तसाच राहिला. तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.