वॅट दुप्पट घ्या, ओहम विसरा? त्या मेसेजला एका मेकॅनिकचं उत्तर

गेल्या दिवाळीपासून एक मेसेज आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, शेतकरी गटाच्या ग्रुपवर आला, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवरही आला. ‘स्टिरिओ ॲम्प्लिफायरला स्पीकर आणि डॅक जोडण्याचे सहा पक्के नियम’ असं त्याचं नाव. नियम असे: स्पीकर ॲम्पच्या दुप्पट वॅटचे घ्या, मग ते कधीच जळत नाहीत. ओहमकडे (स्पीकर विजेला किती अडवतो त्या आकड्याकडे) बघू नका, उलट चार ओहमचे लावा, आवाज फुकटात दुप्पट होतो. डॅक (मोबाईल-टीव्हीतल्या गाण्याच्या आकड्यांची विजेची लहर करणारी डबी) घ्यायचा तर ३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिटचाच घ्या. डॅकने जुन्या ॲम्पलाही ताकद येते. तार परदेशी घ्या. आणि स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. या सहा नियमांनी बिघडलेली कामं माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे लिहितो आहे. इथे लोक कापसाचा चुकारा झाल्यावर सेट घेतात. तो पैसा चुकीच्या वस्तूत गेला की पुढच्या हंगामापर्यंत परत उभा राहत नाही.

वॅटपासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलंय.

स्पीकरवर छापलेला वॅटचा आकडा म्हणजे तो किती सोसतो ते. तो आवाज किती देतो, हे त्यातून कळतच नाही. त्यासाठी दुसरा आकडा बघायचा: सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. ८६ डेसिबलच्या स्पीकरला ५० वॅट देऊन जेवढा आवाज निघतो, तेवढाच ९२ डेसिबलचा स्पीकर साडेबारा वॅटमध्ये काढतो. दर तीन डेसिबलला वॅट निम्मे लागतात, एवढं साधं गणित आहे. (एक मेख लक्षात ठेवा. काही कंपन्या हा आकडा एका वॅटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. आठ ओहमला ते एक वॅटच होतात, पण चार ओहमला दोन वॅट होतात आणि स्पीकर कागदावर तीन डेसिबल जास्त दिसतो.)

मार्चमध्ये शेजारच्या गावचे एक गुरुजी स्पीकर घेऊन आले. मेसेज वाचून त्यांनी ४० वॅटच्या मशीनला, म्हणजे ॲम्पला, २०० वॅटचे स्पीकर आणले होते. म्हणाले, “भाऊ, पह्यले आवाज फाटून राह्यला होता, मंग एका बाजूची खंजिरीच आयकू येनं बंद झाली. बाकी सारं वाजते.” मी ट्विटर, म्हणजे डब्यातला वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, उघडला. केसासारखी बारीक कॉइल काळी पडलेली, आणि जळक्या वार्निशचा वास. वूफरचा, म्हणजे खालच्या जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरचा कोन बोटांनी हळूच दाबून पाहिला, तो मोकळा चालत होता, कुठेही घासत नव्हता. खंजिरीच्या चकत्यांची छनछन वरच्या पट्टीतली, ती ट्विटरच काढतो. म्हणून तेवढीच गायब झाली होती.

२०० वॅटचा स्पीकर ४० वॅटवर जळला कसा? स्पीकर चालवायला जड होता, सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल. आवाज कमी पडला म्हणून गुरुजींनी आवाजाचं बटन शेवटपर्यंत फिरवलं. ॲम्पकडे त्याच्या पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्ट नसतात, म्हणून लहरीचे शेंडे सपाट कापले गेले. पूर्ण कापलेली चौकोनी लहर त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट ताकद वाहते. शिवाय बटन वाढवलं की शेंडे कापले जातात, पण मधला हळू आवाज वर चढतच राहतो आणि ट्विटरला विश्रांतीच मिळत नाही. डब्यावर २०० लिहिलेलं असलं तरी आतला ट्विटर एकटा जेमतेम काही वॅटच सतत सोसतो. २०० हा सगळ्या डब्याचा आकडा होता.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी शहरात बसून मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात येणारच नाही. आमच्याकडे रब्बीत हरभऱ्याला पाणी सोडायला मोटारी सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज २३० वरून १८० वर येतं. ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या ॲम्पमध्ये आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडतं आणि ताकद त्याच्या वर्गाने घटते. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग केला की ०.६१ येतो. म्हणजे गुरुजींचं ४० वॅटचं मशीन भजनाच्या वेळेला २४-२५ वॅटचंच उरत होतं आणि दुपारी जिथे स्वच्छ वाजायचं, तिथेच रात्री फाटायचं. एक चांगला स्टॅबिलायझर लावला तर हा प्रश्न बराच सुटतो. मेसेजमध्ये स्टॅबिलायझरचा शब्दही नाही. स्पीकर मोठ्या वॅटचा घेण्यात गैर काही नाही, पण तो विमा नव्हे. ४० वॅटच्या मशीनला ९० डेसिबलचे ४० वॅटचे स्पीकर लावा, बटन आवाज फाटायच्या आधी थांबवा, वर्षानुवर्षं चालतील.

आता ओहम. हा नियम वाचून मला खरंच राग आला.

आठऐवजी चार ओहम लावले की तेवढ्याच व्होल्टला करंट दुप्पट वाहतो. ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर आणि आऊटपुट ट्रान्झिस्टर तो करंट द्यायला बनवलेले असतील तर ठीक, आवाज थोडा वाढतो. पण पुरवठा दबतो, त्यामुळे दुप्पट वॅट क्वचितच मिळतात. आणि दुप्पट वॅट मिळाले तरी कानाला ते तीन डेसिबलच असतात, थोडंसं मोठं. दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. या थोड्याशा वाढीची किंमत म्हणजे उष्णता. मे महिन्यात टिनाच्या घरात ४५ अंशांत हीटसिंक (मशीनची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आधीच तापलेलं असतं. त्यात जुन्या टू-एन ३०५५ ट्रान्झिस्टरवाल्या किंवा एसटीके आयसीवाल्या मशीनला चार ओहम लावले की ते भाग शॉर्ट होऊ शकतात, आणि शॉर्ट झाले की बऱ्याचदा पुरवठ्याचं सरळ व्होल्टेज स्पीकरच्या कॉइलवर येतं. एका चुकीत मशीन आणि स्पीकर दोन्ही जातात.

मशीनच्या मागची पट्टी वाचा. ‘ए’ किंवा ‘बी’ला ४ ते १६ ओहम आणि ‘ए अधिक बी’ला ८ ते १६ असं लिहिलेलं दिसेल. कारण बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही जोड्या एकदम सुरू केल्या की त्या समांतर जोडल्या जातात. आठ-आठचे मिळून चार होतात, चार-चारचे मिळून दोन. लग्नाच्या घरात समोरच्या खोलीत एक जोडी, मांडवात एक जोडी, आणि रात्री मशीन धूर सोडतं, ते यामुळेच.

मीटर लावून पाहिलं तर आठ ओहमच्या स्पीकरवर साधारण सहा दिसतात, घाबरू नका. मीटर कॉइलचा सरळ करंटचा रोध दाखवतो. गाणं वाजताना ओहम प्रत्येक सुराला बदलत असतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नकोत, म्हणजे आठच्या स्पीकरला ६.४ च्या खाली. सगळे उत्पादक हे पाळत नाहीत, म्हणून काठावरची जोडी मी कोणाला सुचवत नाही.

लाऊडस्पीकरच्या पीए मशीनला मागे १०० व्होल्ट लाइनचं टर्मिनल असतं. घरचा आठ ओहमचा स्पीकर तिथे कधीच जोडू नका.

डॅककडे वळू. मोबाईल, टीव्ही, लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांची ॲम्पला समजेल अशी विजेची लहर करणारी ही डबी. ती प्रत्येक मोबाईलमध्ये आधीच असते. टाइप-सीमधून हेडफोनची पिन काढून देणारी हजाराच्या आतली ती इवलीशी तार, तीही बहुतेक वेळा डॅकच.

३८४ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे ३,८४,००० नमुने, आणि बिट म्हणजे प्रत्येक नमुन्याचा आकडा किती बारकाईचा ते. एवढं कशासाठी हवं? माणसाच्या कानाला वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी. वीसपर्यंतचा आवाज पूर्ण पकडायला सेकंदाला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात. म्हणून १९८२ साली सीडी बाजारात आली ती ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा पल्ला, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातला फरक, बसतो. समोर रस्त्यावर ट्रॅक्टर, डोक्यावर कुलर, अशा खोलीत याच्या निम्मा पल्लाही वापरला जात नाही. आणि ३२ बिट हा फक्त डॅकमध्ये शिरणाऱ्या आकड्यांचा आकार आहे. आतले घटक स्वतःच थोडा गोंगाट करतात, त्यामुळे उत्तमात उत्तम डॅकही बाहेर २०-२१ बिटइतकंच देतो.

शिवाय आपण ऐकतो काय? यूट्यूब, नाहीतर ब्लूटूथ, दोन्हीकडे फाइल लहान करायला आवाजातला काही भाग आधीच गाळलेला. नाहीतर तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या जुन्या मोनो रेकॉर्डिंगची कॅसेटवरून उतरवलेली फाइल. जे त्या कॅसेटवरच नाही ते कितीही किलोहर्ट्झचा डॅक आणून देऊ शकत नाही. त्या भजनांवर माझा जीव आहे, म्हणूनच सांगतो: ती नीट ऐकायची तर पैसा स्पीकरमध्ये घाला आणि मागच्या उघड्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा. वरच्या पट्टीचा कर्कश घुमारा तिनं लगेच कमी होतो.

‘डॅकने ॲम्पला ताकद येते’ हा समज कुठून आला तेही बघा, कारण त्यात लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं ऐकू येतं. मोबाईलच्या हेडफोन सॉकेटमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. बाहेरचा डॅक दोन व्होल्ट देतो. बटन तिथेच ठेवून डॅक जोडला की आवाज मोठा येतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. ॲम्पचे वॅट तेवढेच राहतात, फक्त तेवढा आवाज बटन कमी फिरवूनच येतो.

जुन्या मशीनला हेच अडचणीचं होतं. त्यांच्या ऑक्सला (बाहेरचं उपकरण जोडायच्या सॉकेटला) पूर्ण ताकदीसाठी जेमतेम १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरतात. तिथे दोन व्होल्ट, म्हणजे दहापट. बटन जरा हलवलं की मशीन गरजायला लागतं, आणि बटनाच्या त्या सुरुवातीच्या टोकाला डावा-उजवा भाग सारखे नसतात, म्हणून एक बाजू मोठी आणि दुसरी लहान ऐकू येते. लोक मग स्पीकर बदलायला येतात. उपाय दोन रुपयांचा आहे: प्रत्येक बाजूला १० किलोओहमचा रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत आणि त्यापुढे १ किलोओहमचा ग्राउंडला. दोन व्होल्टचे १८० मिलिव्होल्ट होतात. तबकडीच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) ‘फोनो’ सॉकेटमध्ये डॅक खुपसू नका, ते काही मिलिव्होल्टसाठीच असतं.

तारेचं थोडक्यात. साधी तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती, दहा मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन ०.१५ ओहम भरते. आठ ओहमपुढे ते काहीच नाही. पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर घेतली तर अर्धा ओहम होतो, तो चार ओहमच्या स्पीकरला जाणवतो. जाडी बघा, देश बघू नका.

राहिली अर्थिंगची पिन. ती काढू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की मशीनची पत्र्याची पेटी जिवंत होते, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणीतरी त्याच पेटीला हात लावतं. घूं आवाज बहुतेक वेळा दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्यामुळे येतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. आवाज गेला तर कारण सापडलं. गुरुजींच्या घरी तो टीव्ही आणि डिशच्या केबलमधून येत होता. तिथे मी टीव्हीपासून त्यांनी घेतलेल्या डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे घूं जागच्या जागी थांबला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर (साध्या, न दाबलेल्या आकड्यांवर) ठेवावा लागला, नाहीतर साध्या डॅकमधून काहीच निघत नाही. डॅकचा खरा उपयोग झाला तो एवढाच, आणि त्याला साधा, ४८ किलोहर्ट्झ घेणारा डॅकही पुरला असता.

नवा ट्विटर, एक स्टॅबिलायझर, चार रेझिस्टर आणि ती केबल. २०० वॅटचे स्पीकर त्यांनी ठेवलेत, फक्त बटन आता अर्ध्यावर थांबतं. परवा फोन आला होता, “भाऊ, खंजिरी दोन्हीकून आयकू येते.”