मायनस पाच पॉइंट दोन

लिफ्टमध्ये सी-विंगच्या वहिनी भेटल्या. हातात मेथीची जुडी, चेहरा पाडलेला. म्हणाल्या, "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका, होतं असं या वयात." मी घाबरलोच, म्हटलं माझा कुठला रिपोर्ट माझ्याआधी ह्यांच्याकडे गेला की काय. तर म्हणे, "तुमचं ते मायनस पाच आलं ना, ग्रुपवर बघितलं मी." खाली आलो तर वॉचमन विचारतो, काका, डोळ्याचा नंबर वाढला का?

तर प्रकरण असं. सोसायटीच्या मागच्या बाजूला जनरेटरशेजारी एक सिमेंटचा बाक आहे, तिथे मी आणि ए-विंगचे अण्णा संध्याकाळी बुद्धिबळाचा एक डाव टाकतो. अण्णा रेल्वेतून रिटायर, मी पाटबंधारे खात्यातून, त्यामुळे अण्णांची चाल उशिरा येते आणि माझा बचाव गळका असतो असा आमचा एक जुना जोक आहे, आम्हा दोघांशिवाय त्याला आजवर कुणी हसलेलं नाही. पट रेक्झिनचा, घड्या पडलेला. सोंगट्या अण्णांच्या मुलाच्या शाळेच्या वेळच्या. त्यातला एक पांढरा हत्ती गणपतीत कुणाच्या तरी नातवाने पळवला, तेव्हापासून त्याच्या जागी बामची रिकामी बाटली उभी असते. आम्हाला काही वाटत नाही. बाटली सरळ जाते, आडवी जाते, राजाला कोपऱ्यात लपवायचं ते कॅसलिंगसुद्धा करते.

आता मी काही अगदीच टाकाऊ खेळाडू नाही हे सांगायला पाहिजे, कारण ग्रुपवर कुणी सांगणार नाही. मी मूळचा सांगलीचा. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि गावातल्या पोरांना नाद लावला. त्या पंढरीचा मी साधा वारकरी, बडवा नाही की पुजारी नाही. पण फिडे रेटिंग आहे बरं का मला, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने दिलेला खेळाच्या ताकदीचा आकडा. १३०० होतं. २०२४ च्या मार्चमध्ये फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदम वाढवून दिलं, २००० ला जेवढे कमी पडतात त्याच्या चाळीस टक्के, म्हणजे एक प्यादं न हलवता, घरी झोपाळ्यावर बसल्या बसल्या मी १५८० झालो. महागाई भत्ताच तो. ही म्हणाली, एरियर्स पण मिळणार का?

असो. त्या दिवशी मी पांढरे घेऊन खेळत होतो, डाव रंगात आला होता. ई फाईल, म्हणजे पटाच्या मधली एक उभी रांग, उघडी, तिच्या तळाशी माझी बाटली, आणि पलीकडे अण्णांचा राजा कॅसलिंग करून तीन प्याद्यांच्या मागे गुदमरत बसलेला, त्याला पळायला खिडकी नाही. अण्णांच्या एका हत्तीवर ती शेवटची रांग तोलून धरलेली होती. तो हत्ती तिथून जरा हलवता आला तर काम झालं, अशी एक चाल मला दिसायला लागली होती, नुसती दिसायला, अजून पूर्ण दिसली नव्हती. खेळणाऱ्याला कळेल, हा क्षण फार नाजूक असतो, आणि ह्याच क्षणाला बी-विंगवाला आला.

वय पस्तीसच्या आसपास. वर्क फ्रॉम होम. हाफ चड्डी, कानात ती पांढरी बोंडं, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. पावलं पूर्ण व्हायला थोडी कमी पडत होती बहुतेक, कारण आमच्या बाकाभोवतीच गोल फिरायला लागला.

"काका, कोण जिंकतंय?"

मी म्हटलं, चालू आहे अजून.

"हो, पण पुढे कोण आहे?"

अण्णा म्हणाले, "बरोबरीत आहे." अण्णा हरत असले की नेहमी बरोबरीत असतं.

"एक मिनिट," असं म्हणून ह्याने फोन काढला आणि आमच्या डोक्यांवरून पटाचा फोटो घेतला. मला म्हणतो, "काका, जरा डोकं बाजूला घेता का, ग्लेअर येतोय." मी डोकं बाजूला घेतलं. का घेतलं, माहीत नाही. पुढचं सगळं बघता त्या टकलाने माझी अब्रू वाचवली असती.

फोनमध्ये काहीतरी गोल गोल फिरलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही पांढरे का काका?"

"हो."

"अरेरे."

मी अण्णांकडे बघितलं, अण्णा माझ्याकडे.

"मायनस पाच पॉइंट दोन," बी-विंगवाला म्हणाला.

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं, आणि हे विचारताना ते बाकावर सरसावून बसले ते मी बघितलं.

"म्हणजे काका गेले. पाच प्यादी म्हणजे पाच पॉइंटने मागे आहेत. काका, रिझाइन करा."

मी शांतपणे विचारलं, बाबा, तुला खेळता येतं का?

"खेळत नाही मी. पण रील्स बघतो. तो तिरका जातो तो हत्ती ना?"

"उंट."

"हां, तोच. पण आता शिकायची गरजच काय काका, स्टॉकफिश आहे ना."

अण्णा शाकाहारी. एकदम सावध झाले, म्हणाले, "मासा कशाला मधे?" मग त्याने अण्णांना समजावलं की हा कॉम्प्युटर आहे, फुकट मिळतो, आणि वर्ल्ड चॅम्पियनलासुद्धा ऐकत नाही. अण्णांना त्यातलं फुकट तेवढं नीट ऐकू आलं. मला म्हणाले, "बघ बुवा, मशीन म्हणतंय."

मधे बोलणारे पूर्वी नव्हते असं नाही. सांगलीत तर खेळणारे दोन आणि मागे उभे आठ, आणि त्या आठांत चार वेगवेगळ्या चाली. एक आजोबा होते, ते बोलायचे नाहीत, फक्त तुम्ही चुकीच्या सोंगटीला हात लावला की "हं" म्हणायचे. त्या "हं"ने मी बरेच डाव हरलोय, कारण हात लावला की तीच खेळायची हा नियम. पण त्या "हं"च्या मागे पन्नास वर्षांचा खेळ होता. ते आजोबा देशी पद्धतीत वाढलेले, ज्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जातं आणि नुसतं प्याद्याने मात केली तर आठवडाभर मिरवायचं. त्याच देशी पद्धतीतनं वर आलेला मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ ला ब्रिटिश चॅम्पियन झाला, हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी वर्ल्ड चॅम्पियन कापाब्लांकाला हरवलं, आणि फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं २०२४ साली. माणूस १९६६ ला गेलेला. हे सगळं मी बी-विंगवाल्याला सांगायला लागलो होतो, तर म्हणाला, "काका, टाइमपास करू नका, मूव्ह करा."

टाइमपास! मी माझ्या डावात विचार करत होतो त्याला तो टाइमपास म्हणाला.

मग मी त्याला कास्पारोव सांगितला. १९९७ चा मे महिना, न्यूयॉर्क, समोर डीप ब्लू नावाचा कॉम्प्युटर. दुसऱ्या डावात कास्पारोवने डाव सोडला, रिझाइन केलं, आणि नंतर लोकांनी बसून बघितलं तर त्या स्थितीत शह देत देत बरोबरी निघत होती. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू, समोर मशीन आहे म्हटल्यावर त्याचासुद्धा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, आणि मॅच गेली साडेतीन-अडीचने. कळलं? मी म्हटलं, उगाच मशीन सांगतंय म्हणून डाव सोडायचा नसतो.

तो थोडा वेळ गंभीर झाला. मग म्हणाला, "तेव्हा नेट स्लो होतं काका."

ह्याला काय उत्तर देणार?

वर मलाच मोटिव्हेशन. "काका, ती नागपूरची दिव्या देशमुख बघा, एकोणीस वर्षांची, डायरेक्ट ग्रँडमास्टर!" अरे, मला सांगतोस? २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला वर्ल्ड कपची ती फायनल चालू होती तेव्हा मी इथे चहा गार करून टायब्रेक बघत होतो, ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली तेव्हा ही विचारत होती की रडताय कशाला. मी त्याला म्हटलं, फायनलला समोर आपलीच दुसरी ग्रँडमास्टर होती, तिने हरवलं कुणाला, सांग बघू. म्हणाला, कुणाला? म्हटलं, हम्पीला. तर म्हणतो, "हंपी? ते देवळांचं? आम्ही गेलो होतो डिसेंबरात."

तेवढ्यात अण्णांना घरून फोन आला, दळण आणायचं होतं. एरवी अण्णा दळण म्हटलं की "आलोच" म्हणून अर्धा तास बसतात. त्या दिवशी ताडकन उठले, पट तसाच टाकून, म्हणाले, "उद्या नवीन डाव लावू, हा माझा." हा माझा! चाल माझी होती अजून. पण उणे पाचचा कागद हातात मिळाल्यावर कोण कशाला बसतंय.

आणि इथे माझी खरी सटकली. विनोद बाजूला. हल्ली कुठेही जा, माणसाला काय वाटतं ते कुणी विचारतच नाही. डॉक्टर माझ्या पोटाला हात लावत नाही, स्क्रीनकडे बघून सांगतो तुम्हाला बरं वाटतंय. रिक्षावाल्याला म्हणावं डावीकडनं घे, तीस वर्षं राहतोय इथे, तर तो मॅप दाखवतो आणि बंद गल्लीत नेऊन उभा करतो. मुलगा विचारतो, बाबा, पाऊस येणार का, आणि मी आभाळाकडे बघेपर्यंत त्याने फोनवर बघितलेलं असतं. ठीक आहे, तुमची दुनिया, चालवा. पण चौसष्ट घरांचा एक पट होता जिथे मला काय वाटतं ह्याला किंमत होती, निदान अण्णांपुरती, तर तिथेही आता कुणीतरी चड्डीतला येऊन आकडा सांगणार. फिडेच्या स्पर्धेत हॉलमध्ये खेळाडूकडे फोन सापडला तर डाव जातो, आणि बघ्याने मधे लुडबुड केली तर आर्बिटर, म्हणजे पंच, त्याला हाकलू शकतो. आमच्या बाकाला आर्बिटर नाही. जनरेटर आहे.

म्हणून मी म्हटलं, आण तो फोन इकडे. चष्मा लावला. स्क्रीनवर पट होता, माझी प्यादी होती, वजीर होता, अण्णांचा गुदमरलेला राजा होता. ई फाईल वरपासून खालपर्यंत मोकळी.

"माझा हत्ती कुठाय?"

"कुठला हत्ती?"

मी पटावरच्या बाटलीवर बोट ठेवलं.

त्याने बाटलीकडे बघितलं, फोनकडे बघितलं, परत बाटलीकडे. "काका, ही बामची बाटली आहे."

"हत्ती आहे तो!"

"पण अ‍ॅपला कसं कळणार काका?"

"तुला कळायला नको?"

"मला वाटलं, तुमची गुडघ्याची असेल."

मी त्याला हत्ती बसवायला लावला. बसवला. आकडा हलला, जरा खाली-वर झाला आणि प्लस एक पॉइंट चारवर थांबला. म्हणजे मी पुढे होतो. मशीनच म्हणत होतं! मी अण्णांना हाक मारली, पण अण्णा तोपर्यंत गिरणीत.

म्हटलं, ठीक आहे, निदान हा तरी साक्षीदार आहे. तर हा म्हणतो, "सॉरी काका, पण मी मघाशीच ग्रुपवर टाकलं." व्हिडिओ. माझं टक्कल बाजूला होतंय, मागून ह्याचा आवाज "मायनस पाच पॉइंट दोन", आणि खाली लिहिलंय, काका इन डेंजर. म्हटलं, काढून टाक. म्हणाला, "डिलीट केलं तर लोक म्हणतील काकांनी प्रेशर टाकलं." मग निदान खाली खुलासा तरी टाक, की हत्ती मोजला नव्हता. टाकला त्याने. मी वाचला. लिहिलं होतं, "अपडेट: काकांचं म्हणणं आहे की बाटली म्हणजे हत्ती." त्यावर अठरा जणांनी हसणारे चेहरे टाकले, सेक्रेटरींनी अंगठा, आणि डी-विंगच्या एकाने लिहिलं, बाटली उघडल्यावर सगळ्यांनाच हत्ती दिसतो. मी आयुष्यात बडीशेपेच्या पलीकडे काही घेतलेलं नाही.

बरं, एवढ्यावर थांबेल तर शपथ. अण्णांनी दुसऱ्या दिवशी बी-विंगवाल्याकडून ते अ‍ॅप आपल्या फोनमध्ये घालून घेतलं. मला म्हणाले, "नुसतं ठेवलंय, नातवासाठी." नातू अण्णांचा अकरा महिन्यांचा.

आणि आता असं झालंय की डाव अडचणीत आला की अण्णा पटाकडे वाकून बघतात, खिशातला फोन दोन मिनिटं छातीशी धरून बसतात आणि क्लबहाऊसच्या बाथरूमला जाऊन येतात. आता ह्यावरून २००६ साली रशियात एलिस्टाला, क्रामनिक आणि तोपालोवच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या मॅचला, केवढं महाभारत झालं होतं. क्रामनिक सारखा बाथरूमला जातो अशी तोपालोवच्या माणसांनी तक्रार केली, संयोजकांनी बाथरूमला कुलूप घातलं, क्रामनिक खेळायला बसेना, आणि पाचवा डाव तोपालोवला न खेळता मिळाला. मॅच शेवटी क्रामनिकनेच जिंकली, तो भाग वेगळा. पण क्रामनिक तेव्हा एकतीस वर्षांचा होता, त्याच्यावर संशय घ्यायला वाव होता. अण्णा त्र्याहत्तर. फाईल आहे त्यांची प्रोस्टेटची, मी स्वतः त्यांच्याबरोबर सोनोग्राफीला गेलोय. अशा माणसाला कुठल्या तोंडाने विचारणार, अण्णा, नक्की कशाला चाललात?

काल आत चांगला वेळ लावला. बाहेर आले, हात पुसत बसले, आणि न बघता उंटाने माझी बाटली मारली.