सगळं खापर हवामानावर नको

वालाचं उत्पन्न घटलं ते हवामानामुळे, असं एका लेखात वाचलं; ते म्हणणं अर्धंच खरं आहे. मुंबईत डाळिंब्यांसाठी येणारा रायगडचा कडवा वाल भातकापणीनंतरच्या ओलीवर पिकतो. कापणीनंतर जमीन उघडी राहिली की वरचा थर सुकून भेगाळतो, उगवण विरळ होते आणि ती तूट पुढे कितीही खत घातलं तरी भरून निघत नाही. म्हणून नांगरट लगेच, पेरणी ओलीतच. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणूखत चोळून सावलीत सुकवा, उन्हात जिवाणू मरतात. युरिया जास्त झाला की वेल माजतो, फुलं कमी. पाणी एकदाच देता येणार असेल तर फुलोऱ्यात द्या. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसताच शेंडा खुडा.