साळुंक्या आपल्या, आणल्या त्यांनी

पश्चिम सिडनीत तूंगॅबी, वेंटवर्थव्हिल, गिरावीन या पट्ट्यात राहायला आलं की 'इंडियन' असं ऐकू आल्यावर लगेच मान वळवायची सवय मोडावी लागते. कुंपणापलीकडचा माणूस बहुधा पक्ष्यांबद्दल बोलत असतो.

"हे इंडियन्स पहाटे पाचपासून बोंबलतायत!" असं आमचे शेजारी पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा आदल्या रात्री आमच्याकडे कोण जेवायला होतं ते मी आठवून पाहिलं. कुणीच नव्हतं. मग त्यांनी बोट वर केलं. आमच्या छपरावर, सोलर पॅनेलच्या कडेला, साळुंक्यांची जोडी बसली होती. पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्यामागे पिवळा पट्टा. इथे हिला 'इंडियन मायना' म्हणतात. चिमणी टुणटुण उड्या मारत जाते. ही बया एकेक पाऊल टाकत चालते, सातबारा तिच्याच नावावर असल्यासारखी.

शाळेत असताना एकटी साळुंकी दिसली की पेपर अवघड आणि जोडी दिसली की सोपा, एवढाच आमचा संबंध. इथे ती डोक्यावरच राहते. पॅनेल आणि कौलं यांच्यामधली फट तिला घरट्यासाठी पसंत पडली आणि आमची झोपायची खोली बरोब्बर त्याखाली आहे. उन्हाळ्यात पहाटे कार्यक्रम सुरू होतो. आधी घशातून खरखर, मग दोनतीन शिट्या, मग पत्र्यावर नखांची टिकटिक, आणि सूर लागला की भांडण. भांडणाला पलीकडच्या गल्लीतूनही मंडळी येतात. पिल्लं झाली की ती दिवसभर एका पट्टीत किरकिरतात, आणि आईबाप घास घेऊन आले की दुसऱ्या पट्टीत. माझा नवरा कानात बोळे घालून झोपतो. त्यामुळे ऐकण्याचं काम माझ्याकडे.

शेवटी माणूस बोलावून ती फट जाळीने बंद करून घेतली. त्याने आतून उपसून काढलेल्या ढिगात वाळलं गवत होतं, सुतळी होती, चॉकलेटचे कागद होते आणि बाकरवडीच्या पाकिटाचा एक तुकडा होता. तो मी शेजाऱ्यांना दिसायच्या आत उचलला. साळुंक्यांनी आठवडाभरात पन्हाळीचं टोक गाठलं.

शेजाऱ्यांचा राग उगाच नाही, हे कबूल करायला हवं. इथल्या रोझेला पोपटांना घरट्यासाठी युकॅलिप्टसच्या ढोल्या लागतात, आणि तशी ढोली तयार व्हायला झाडाला शंभराहून अधिक वर्षं जातात. साळुंकी ती बळकावते आणि आतली अंडी-पिल्लं बाहेर ढकलून देते. कॅनबेरात तर 2006 पासून लोक संघटना काढून या पक्ष्याच्या मागे लागलेत. 2000 साली जगातल्या शंभर घातक उपऱ्या जातींची एक यादी निघाली, तिच्यात पक्षी तीनच: साळुंकी, लालबुड्या बुलबुल आणि युरोपातली स्टारलिंग. तीनांतले दोन आपल्या अंगणातले! हे मी शेजाऱ्यांना सांगितलं नाही. त्यांनी स्टारलिंगचा विषय काढला असता तर सांगितलं असतं. त्यांचे आजोबा यॉर्कशरचे.

पण साळुंकी काही स्वतःहून तिकीट काढून आलेली नाही. 1862 मध्ये गोऱ्या साहेबांनी तिला मेलबर्नला आणलं, भाजीच्या मळ्यांतल्या किडी खायला. पुढे 1883 मध्ये क्वीन्सलंडच्या उसात सोडलं. म्हणजे कामाच्या व्हिसावर आली, काम धड जमलं नाही, पण मुक्काम ठोकला. तेव्हापासून दीडशेच्या वर वर्षं झाली, तरी अजून 'इंडियन'च. आम्हाला पाच वर्षांत नागरिकत्व मिळालं, वर समारंभात एक रोपटंही मिळालं.

शेजाऱ्यांनी मेन्स शेडमध्ये, म्हणजे पुरुष मंडळी जमून सुतारकाम-हातकाम करतात त्या अड्ड्यावर, जाऊन स्वतःच्या हाताने तारेचा पिंजरा बनवला. दोन कप्पे: एकात शिरायचं, खायचं, तिथून दुसऱ्यात जायचं, आणि परतीची वाट बंद. आमिष मांजराची बिस्किटं. पुढे काय करतात ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सुरुवातीला एकदोन सापडल्या, मग बाकीच्या सावध झाल्या. पिंजऱ्याच्या टपावर बसून त्या आत वाकून बघायच्या.

अशात साताऱ्याहून सासूबाई आल्या. पहिल्याच सकाळी जोडी बघून त्यांनी हात जोडले आणि मागच्या ओट्यावर दहीभात ठेवला. दुसऱ्या दिवशी पोळीचा चुरा. मांजराच्या बिस्किटांकडे आता कोण बघणार?

शेजारी कुंपणाशी आले. दुभाषी मी.

"हा उपद्रवी पक्षी आहे, खायला घालू नका म्हणावं."

"आई, त्यांना थोडा आवाजाचा त्रास होतो म्हणतायत."

"त्यांना सांग, सकाळी जोडी दिसली की दिवस चांगला जातो. कानाला काय, सवय होते."

"त्या विचार करते म्हणाल्या," मी म्हटलं.

आवाजाचंच म्हणाल तर खरा गुन्हेगार वेगळाच आहे. नॉइझी मायनर नावाचा राखाडी पक्षी, त्याचीही चोच पिवळी, पण इथलाच. दिवसभर टोळीने कोकलतो, छोट्या पक्ष्यांना हुसकावून लावतो, माझ्या डोक्यावरही झडप घालतो. त्याच्या दंडेलीची 2014 मध्ये इथल्या केंद्र सरकारने पर्यावरणाचा धोका म्हणून रीतसर नोंद केली. तरी देशी असल्यामुळे त्याला संरक्षण! आणि सप्टेंबरात उत्तरेकडून येणारा कोकीळ रात्री तीनला ओरडतो, तोही कायद्याने सुरक्षित. सगळी गल्ली त्याला शिव्या घालते. आईंना मात्र त्याचा आवाज ऐकून कैरीचं पन्हं सुचलं.

परवा शेजारी पुन्हा कुंपणाशी आले, जरा अवघडून. "तुझ्या सासूबाई ते गोल, चपटं काय घालतात? मला थोडं मिळेल का?"

आमिषासाठी हवं होतं, हे मला कळलं. आईंना भलतंच कळलं. "बघ, माणूस सुधारला," म्हणत त्यांनी दोन पोळ्या जास्त लाटल्या, वर तूप लावलं. आता रोज डबा जातो.

पिंजऱ्यात सापडला तो नॉइझी मायनर. कायद्याने सोडणं भाग. पोट भरून गेला, आणि दुसऱ्या दिवशी भाऊबंद घेऊन हजर. शेजारी रोज सकाळी दार उघडून देतात आणि काहीतरी पुटपुटतात. साळुंक्या इकडे आमच्या ओट्यावर दहीभातात.

आईंचं म्हणणं, तिकडच्या पोळीला तूप कमी पडत असेल.