पहाटे चारच्या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या, शाळेच्या, भावकीच्या, सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: जगातली यशस्वी माणसं पहाटे चारला उठतात, चार वाजता ब्राह्ममुहूर्त असतो आणि तेव्हा हवेत प्राणवायू नि ओझोन जास्त असतो, जितकं लवकर उठाल तितकं काम जास्त होतं, 21 दिवस नेटानं केलं की सवय कायमची लागते, मधे एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. लवकर उठायला माझी ना नाही. पण ही कारणं तपासून घेऊ.

हवेचं प्रकरण पटकन मिटतं. प्राणवायू दिवसा काय नि पहाटे काय, 21 टक्क्यांच्या आसपासच असतो. जमिनीलगतचा ओझोन तयार होतो तो गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडल्यावर, त्यामुळे शहरांत तो दुपारी चढतो. शिवाय तो फुप्फुसांना अपायकारक असतो. मेसेजमधलं खरं असतं, तर चारला खिडक्या बंद करा म्हणावं लागलं असतं.

ब्राह्ममुहूर्त चारला असतो, हे तर पंचांगाच्या हिशेबातही बसत नाही. एक मुहूर्त 48 मिनिटांचा. सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी ब्राह्ममुहूर्त सुरू होतो आणि 48 मिनिटं आधी संपतो. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे मुहूर्त लागतो पावणेसहाच्या थोडा आधी. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या सुमारास, तेव्हाही साडेचार होतच आलेले असतात. मुंबईकरांसाठी चार ही वेळ वर्षभरात कधीच ब्राह्ममुहूर्ताची नसते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची. सूर्याच्या हिशेबानं मुंबई तिच्या जवळजवळ 39 मिनिटं मागे. मेसेज लिहिणाऱ्यानं परंपरेचं नाव घेतलं आणि गजर मात्र मोबाइलच्या घड्याळावर लावला.

आता यशस्वी माणसं. ॲपलचे टिम कुक भल्या पहाटे उठतात, हे खरं. पण ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी 2018 मध्ये जाहीर मुलाखतीत सांगितलं की ते आठ तास झोपतात, सकाळ रमतगमत घालवतात आणि महत्त्वाच्या बैठका दहाला ठेवतात. हे नाव मेसेजमध्ये कसं येणार? आणि पहाटे उठूनच माणूस मोठा होत असेल, तर ससून डॉकवर लिलावाला पोचणाऱ्या कोळणी, दादरच्या फूलबाजारातले विक्रेते, पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं या यादीत पहिली हवीत. ती पिढ्यानपिढ्या त्या वेळेला जागी आहेत. कुक यांच्याकडे पहाट आहे, तशी बाकीची कामं करायला माणसंही आहेत.

घरातही तेच. नवरा पाचला उठून ध्यान आणि डायरी करतो, तेव्हा ओट्यापाशी डब्याची पोळी कोण लाटतंय? ती त्याच्याही आधी उठलेली असते, पण तिच्या त्या तासाला कुणी 'मॉर्निंग रूटीन' म्हणत नाही.

लवकर उठलं की जास्त काम होतं, या दाव्यात मेसेज झोपायची वेळच सांगत नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. चारला उठायचं तर नऊला झोप लागलेली हवी. साडेआठला विरार किंवा बदलापूर स्टेशनवर उतरणाऱ्यानं जेवायचं कधी? 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना सलग 14 दिवस रात्री सहा किंवा चारच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष रोज थोडं थोडं ढासळत गेलं, आणि आपण किती ढासळलोय हे त्यांना स्वतःला फारसं कळलंच नाही. म्हणूनच 'मला पाच तास पुरतात' म्हणणाऱ्यांचा शब्द मी खरा धरत नाही.

शिवाय सगळ्यांचं शरीर एकाच वेळेला जागं होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि वयात येताना मुलांची झोपेची वेळ आपसूक पुढे सरकते. दहावीतल्या पोराला चारला उठवणं म्हणजे बहुतेकदा त्याची झोप कापणं. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मेसेज मात्र पालकांच्या ग्रुपवर जोरात.

राहिले 21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनचा. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना नव्या रूपाची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी 1960 मध्ये नोंदवलं होतं. पुढे त्यातलं 'किमान' गळालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 लोकांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला, मध्यक 66, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा रविवारी आठला उठलात तर सोमवारी मोजणी पहिल्यापासून सुरू करायचं कारण नाही.